शेवटी दारात कोण होतं

मला पिक्चरची नावं लक्षात राहत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या शेफालीला याचं फार हसू येतं. "काकू, ग्रुपवर एवढं लांबलचक मत टाकता आणि पिक्चरचं नावच नाही," म्हणते. मी तिला सांगितलं, मी नाव बघून तिकीट काढत नाही, वेळ बघून काढते. ज्याला कळायचा त्याला वर्णनावरून कळतो.

आता गेल्या महिन्यातला तो पोलिसांचा घ्या. हिरोला दाढी, व्हिलनला दाढी, आणि निम्मा पिक्चर अंधारात. कोणी कोणाला मारलं ते दिवे लागल्यावर शेजारच्यांना विचारावं लागलं. त्यानंतरचा, चार मित्र कोकणात जातात तो. हल्ली मित्र कोकणात गेले की मध्यंतरानंतर एकाला दुर्धर आजार होतोच, तसा झाला. मग तो लंडनचा. मराठी कुटुंब लंडनला जाऊन भांडतं. मी लिहिलं, भांडायला एवढ्या लांब कशाला, कोथरूडात पार्किंग आहे. त्याला सोसायटीच्या ग्रुपवर भरपूर अंगठे आले. सेक्रेटरींचा मात्र आला नाही.

पिक्चरला मी आणि हे, दोघंच जातो. हे म्हणजे माझे मिस्टर, वैजनाथ. मूळचे अंबाजोगाईचे, पण सगळी नोकरी भोसरीच्या कारखान्यात, तपासणी विभागात. तयार झालेला भाग हातात घेऊन उजेडाकडे धरला की ह्यांना त्यातली चीर दिसायची, मापं नंतर घ्यायचे. मी विम्याच्या ऑफिसात होते. दोघं निवृत्त झाल्यापासून मंगळवारी दुपारचा खेळ ठरलेला, कारण मंगळवारी तिकीट स्वस्त असतं आणि पोरंटोरं कॉलेजात असतात. निदान असायला हवीत.

पिक्चर सुटला की समोरच्या अमृततुल्यमध्ये चहा, आणि चहावर मतं. नियम असा की एकाचं पूर्ण बोलून होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पिक्चरपासून आमचं कधी एकमत झालं नव्हतं. मी गोष्टीबद्दल बोलायची आणि हे चुका काढायचे. आत येताना घड्याळ डाव्या हातात होतं, बाहेर जाताना उजव्या. भिंतीवरचं कॅलेंडर जूनचं आणि बाहेर संक्रांतीचे पतंग. मला संताप यायचा. एवढी बाई रडतेय आणि तुम्ही कॅलेंडर बघताय?

दिवाळीनंतर मात्र ह्यांच्यात फरक पडला. "तू सांग आधी," म्हणायला लागले. मी सांगायची, आणि हे मान डोलवायचे. पोलिसांचा पिक्चर मला आवडला नाही, ह्यांनाही नाही. कोकणातला मला निम्मा आवडला, ह्यांनाही बरोबर निम्माच. घड्याळ नाही, कॅलेंडर नाही. वर थिएटरातल्या अंधारात पायऱ्या उतरताना माझा हात धरायला लागले. मी शेफालीला अभिमानाने सांगितलं, उशिरा का होईना, माणूस वळणावर आला.

या मंगळवारचा पिक्चर मात्र मला खरोखर लागला. एक विधवा आई आणि तिचा टेम्पो चालवणारा मुलगा, बस, एवढंच. मुलगा घाटात माल घेऊन जातो आणि ठरलेल्या दिवशी परत येत नाही. आई वाट बघते. मोठाल्या संवादांची फेकाफेक नाही, पावसात नाच नाही. शेवटच्या प्रसंगात तर कोणी एक शब्द बोलत नाही, मागे संगीतसुद्धा नाही. दाराची कडी वाजते. आई धावत जाऊन दार उघडते. दारात मुलगा नसतो, त्याच्या टेम्पोवरचा क्लीनर असतो, आणि त्याच्या हातात मुलाच्या चपला. आई त्या चपला घेते, दारामागच्या फळीवर रोजच्या जागी नीट लावून ठेवते, आणि मग खाली बसते. अख्खं थिएटर रडत होतं. मीही रडले, आणि मी सहसा पैसे देऊन रडत नाही.

चहा आला. मी नाक पुसत होते, म्हणून असेल, पण कित्येक महिन्यांनी हे माझ्या आधी बोलले.

"शेवट गोड केला ते बरं केलं," हे म्हणाले. "मला वाटलं पोराला मारतात की काय. आलं बिचारं घरी."

मी कप तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला. टोमणा असेल म्हणावं, तर ह्यांना टोमणा मारता येत नाही. चाळीस वर्षं पुण्यात काढली, तेवढं एक जमलं नाही.

"कोण आलं घरी?" मी विचारलं.

"अगं पोरगं. शेवटी दारात. त्याला बघून ती खालीच बसली ना. सगळे रडत होते."

ह्यांचा चेहरा प्रसन्न होता. पिक्चर आवडलेल्या माणसाचा असतो तसाच. झोप लागली असेल म्हणावं, तर ती खाली बसली हे ह्यांना माहीत होतं. सगळे रडत होते हेही माहीत होतं. जे ऐकू येण्यासारखं होतं आणि जे ढोबळ दिसण्यासारखं होतं ते सगळं ह्यांच्याजवळ होतं. फक्त दारात कोण होतं ते नव्हतं.

मला आठवलं, परवा जिन्यात ह्यांनी सेक्रेटरींना जावई समजून "काय, आज लवकर?" विचारलं होतं. मी हसले होते. मला आठवलं, पेपर हल्ली हे वाचत नाहीत, मला मोठ्याने वाचायला सांगतात, आणि मी ते कौतुकाने करते. डॉक्टरांनी साखरेसाठी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं. तपासून आलो, ठीक आहेत, असं हे म्हणाले होते. मी बरोबर गेले नव्हते.

तरी मनाला पटेना. मी एक युक्ती केली.

"बाकी सगळं छान," मी म्हटलं, "पण शेवटी तो बाप मुलाच्या गळ्यात पडतो, ते जरा जास्तच झालं नाही का?"

त्या पिक्चरमध्ये बाप नव्हता. पहिल्याच दृश्यात भिंतीवर त्याचा फोटो होता, हार घातलेला.

ह्यांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. "हो," म्हणाले, "ते जरा ताणलंच."

ह्यांच्या डोळ्यांची काळजी नंतर आली. आधी मनात आली ती संस्कृती.

संस्कृती माझी नात, तिसरीत आहे. मुलगी भाग्यश्री आणि जावई समर्थ दोघं खराडीला आयटीत. आमच्याच सोसायटीत शेजारच्या इमारतीत राहतात. सकाळी बाहेर पडतात ते दिवेलागणीच्या पुढेच उगवतात. त्यामुळे शाळा सुटली की संस्कृतीला घरी आणायचं काम ह्यांचं. रोज, स्कूटरवरून, कर्वेनगरच्या शाळेतून कोथरूडपर्यंत. पोरगी पुढे उभी राहते.

हे उठले, खिशात किल्ली चाचपली. "चल, तुला घरी सोडतो आणि संस्कृतीला घेऊन येतो."

"आज रिक्षाने जाऊ."

"का?"

"गुडघा दुखतोय माझा."

"मग तर स्कूटरच बरी. चढायला-उतरायला सोपी."

"अहो," मी आवाज खाली आणला, कारण शेजारच्या बाकावरची माणसं ऐकत होती, "तुम्हाला नीट दिसतं ना?"

ह्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "न दिसायला काय झालंय? बसणार आहेस का मी जाऊ?"

पुण्यात राहून स्कूटर न येणारी बाई शोधून सापडायची नाही, ती मी. किल्ली हिसकावून घेतली असती तरी चालवलं कोणी असतं? आणि मी बसले नसते तर हे एकटे गेले असते आणि येताना पोरीला पुढे घेतलं असतं. म्हणून "मीही शाळेत येते" म्हणत मी बसले. शाळेपर्यंत जायचं आणि तिथून ह्यांना स्कूटर काढू द्यायची नाही, एवढंच ठरवलं होतं.

पहिला चौक नीट गेला. पुढच्या गाड्या थांबल्या, हे थांबले. गाड्या निघाल्या, हे निघाले. मला हायसं वाटलं. वाटलं, मीच काहीतरी डोक्यात घेतलंय, पिक्चर बघून मन हळवं झालंय. खड्डे तर हे माझ्यापेक्षा आधी चुकवत होते. तो रस्ता ह्यांच्या पाठ आहे, रोजचा.

कर्वे पुतळ्याच्या पुढच्या सिग्नलला आमच्या पुढे एकही गाडी नव्हती. लांबूनच मला लाल दिवा दिसत होता. मी वाट बघितली, हे वेग कमी करतील म्हणून. कमी केला नाही. स्कूटर थेट चौकाकडे निघाली होती.

"लाल आहे," मी म्हणाले. आणि मग ओरडले, "अहो, लाल आहे, थांबा."

ब्रेक लागला तोवर आम्ही पांढऱ्या पट्ट्यांच्या पार पुढे होतो. उजवीकडून आलेली बस हॉर्न देत आमच्या पुढच्या चाकाजवळून गेली. तिचा वारा माझ्या तोंडावर आला. ड्रायव्हरने खिडकीतून ह्यांच्या वयाचा उद्धार केला. एक तरुण पोरगा बाइक शेजारी आणून म्हणाला, "काका, दिसत नाही का?" पुण्यात हे रोज कोणीतरी कोणालातरी विचारतं. उत्तर कोणाला नको असतं.

मी दोन्ही हातांनी ह्यांचा शर्ट धरला होता. "ऊन डोळ्यावर आलं," हे म्हणाले. ऊन आमच्या पाठीमागे होतं. भर रस्त्यात भांडले असते तर ह्यांचं लक्ष उडालं असतं, आणि त्या लक्षावरच आम्ही दोघं चाललो होतो. वनदेवीपर्यंत मी प्रत्येक गाडी, प्रत्येक कुत्रं, रस्ता ओलांडणारी प्रत्येक बाई मोठ्याने सांगत गेले. एरवी मी मागे बसून एवढी बोलले असते तर ह्यांनी मला उतरवलं असतं. आज हे नुसतं "हं" म्हणत होते.

शाळेच्या फाटकाशी नेहमीची गर्दी. रिक्षावाले काका, आया, आजोबांचा एक घोळका. हे स्कूटर स्टँडला लावून फाटकासमोर उभे राहिले आणि हसायला लागले. घंटा झाली, निळ्या गणवेशातल्या मुलींचा लोंढा बाहेर आला, आणि मी ह्यांच्याकडे बघत होते. हे प्रत्येक मुलीकडे बघून हसत होते. दोन वेण्यांची एक पोरगी जवळ आली तसा ह्यांनी हात पुढे केला. ती दुसऱ्याच कोणाची तरी होती, बाजूने निघून गेली. ह्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा हसत उभे राहिले. आपलं पोर येऊन हात धरेल तोवर असंच उभं राहायचं, हे ह्यांचं रोजचं होतं. ते मला इतकं लागलं की पिक्चरचा शेवट त्यापुढे काहीच नव्हता.

संस्कृती आली, ह्यांचा हात धरला, आणि मला बघून खूश झाली. "आजी, तू पण? मग तू मागे बस. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही हं. सिग्नल मी सांगते."

"सिग्नल तू सांगतेस?"

"हो. आमचा गेम आहे. आजोबा पायलट, मी को-पायलट. लाल, हिरवा, रिक्षा, स्पीडब्रेकर, सगळं मी सांगते. आजोबा म्हणाले कोणाला सांगायचं नाही, पण तू तर घरातलीच आहेस."

हे दुसरीकडे बघत होते. म्हणजे मान तरी दुसरीकडे होती.

मी पुढे होऊन स्कूटरची किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"नंदा, किल्ली दे."

"देणार नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत. तुम्हाला ते दिसतायत का, एवढं सांगा."

माझा स्वभाव असाच आहे, जीभ आधी चालते. ह्यांचा चेहरा पडला, आणि मला वाईट वाटलं, पण किल्ली मी सोडली नाही.

"मधोमध धूर असल्यासारखं दिसतं," हे अगदी हळू म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. रस्ता दिसतो. समोर बघितलं की तेवढंच पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि गाडी बंद."

"कधी म्हणाले?"

"दिवाळीत."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसणार नाही तर काय? सांगितलं असतं तर त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती तुम्ही सगळ्यांनी. मग मी करू काय दिवसभर? भाग्यश्रीने पोरीला बसमध्ये घातलं असतं. हे एकच काम उरलंय माझ्याकडे." मग ह्यांचा आवाज चढला. "आणि इतके महिने आणतोय ना मी तिला? काही झालंय का आजपर्यंत?"

"एकदाच झालं, आजोबा," संस्कृती म्हणाली.

आम्ही दोघांनी खाली बघितलं. ती दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होती. पिनाफोरच्या खाली गुडघ्यावर खपली होती. ती शाळेच्या मैदानात पडली होती, असं आम्हाला सांगितलेलं होतं. भाग्यश्रीने शाळेला तक्रारीचा मेसेजही पाठवला होता.

"पण ती माझी चूक होती," संस्कृती घाईघाईने बोलायला लागली. "मी कुत्र्याच्या पिल्लाकडे बघत होते, म्हणून रिक्षा सांगायची राहिली. म्हणून आपण पडलो. पण आता मी अजिबात इकडेतिकडे बघत नाही, आजी. वर्गात पण मी प्रॅक्टिस करते. तू आजोबांना किल्ली दे ना. मी चुकणार नाही."

आठ वर्षांची पोर. लाल दिवा चुकला तर आजोबा मरतील, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते तिचं तिलाच कळलं होतं. ते ती रोज दुपारी डोक्यावर घेऊन घरी येत होती आणि रात्री आईला 'शाळेत मजा आली' म्हणून सांगत होती. मला ह्यांचा भयंकर राग आला. इतका राग मला लग्नापासून कधी आला नव्हता.

मी काहीतरी भलतंच बोलले असते. पण हे तिथेच फुटपाथवर खाली बसले, गर्दीत, माणसांच्या पायांशी. हाताने चाचपत तिचा गुडघा शोधला. खपलीवर बोट ठेवलं.

"तुझी चूक नव्हती," हे म्हणाले.

"पण मी रिक्षा सांगितली नाही."

"ते काम तुझं नव्हतंच, बाळा. ते माझं होतं. मला जमत नव्हतं, म्हणून मी तुझ्याकडून करून घेतलं. आणि वर खोटं बोलायला शिकवलं."

"मग आता गेम नाही?"

"नाही."

संस्कृती रडायला लागली. आधी थोडं, आणि मग सगळं, इतके दिवस साठवलेलं असावं तसं. शेजारच्या आज्या बघायला लागल्या. एकीने पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली, थँक्यू म्हटलं आणि तिला पुढे काही विचारू दिलं नाही.

वॉचमनला सांगून स्कूटर आत भिंतीकडेला लावली. समर्थ नंतर येऊन घेऊन जाईल म्हटलं. रिक्षा थांबवली. चढताना ह्यांचा पाय पायरीवर नीट पडला नाही, तर संस्कृती सवयीने "पायरी" म्हणाली आणि लगेच माझ्याकडे बघून ओठ मिटले. मी तिला म्हटलं, पायरी सांगितली तर चालते.

रिक्षात ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मी फोन काढला. भाग्यश्रीला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, मला समजत नव्हतं. शाळेला तक्रार करणारी मुलगी आहे ती. बापाला सोडणार नव्हती, आणि सोडूही नये असं मला वाटत होतं, आणि तिने फार बोलू नये असंही वाटत होतं.

"आज नको सांगूस," हे म्हणतील, याची मी वाट बघत होते. तसं म्हणाले असते तर मी रिक्षातच भांडण काढलं असतं.

"नंबर लाव," हे म्हणाले, "आणि फोन माझ्याकडे दे."

मी लावून दिला. खराडीच्या ऑफिसात बहुधा मीटिंग चालू होती, कारण ती हळू आवाजात "बोला बाबा" म्हणाली.

"भाग्यश्री, संस्कृती ठीक आहे, आधी ते ऐक," हे म्हणाले. "तिच्या गुडघ्याला लागलं ना, ती मैदानात पडली नव्हती. मी तिला पाडलं, स्कूटरवरून. मला दिसत नाही. दिवाळीपासून. आणि तुझी पोरगी मला रोज सिग्नल वाचून दाखवत होती."

पलीकडून ती बोलायला लागली, पण रिक्षाच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत. संस्कृती माझ्या दंडात तोंड खुपसून बसली होती. हे "हो" म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा "हो" म्हणाले. मग "मला मान्य आहे" म्हणाले, आणि फोन माझ्याकडे देण्यासाठी हात पुढे केला तो माझ्या हाताच्या वीतभर अलीकडेच थांबला. मी पुढे होऊन फोन घेतला.